मॅशअपवाल्याचा पहिला ओरिजिनल अल्बम : माझा अनुभव

मॅशअप म्हणजे आधीच असलेली दोन-चार गाणी एकमेकांत मिसळून केलेलं एक गाणं. ते करणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो, "स्वतःचं काही करतोस की नाही?" आणि विचारणारा बऱ्याचदा आपल्याच मॅशअपवर कोणाच्या तरी हळदीत घाम निघेपर्यंत नाचलेला असतो. असो. एकदाचा अल्बम झाला, सगळी नवी मराठी गाणी, पॉप-डान्स आणि मधेमधे चांगला खरखरीत रॉक. यात कायकाय करावं लागतं ते मराठीत धड कुठे मिळालं नाही म्हणून लिहितोय.

मॅशअपमध्ये कोरस लोकांना आधीच पाठ असतो, आपण फक्त तो कुठल्या बीटवर आणि कधी सोडायचा ते ठरवायचं, ओळख पटली की पब्लिक आपलं. नव्या गाण्याला ही उधारी मिळत नाही. म्हणून मी आणि माझ्या गीतकार मित्राने आधी नुसते कोरस केले, अंतरे नाहीत, इंट्रो नाही, काही नाही. ते साध्या मोबाईलच्या स्पीकरवर घरच्यांना ऐकवायचे आणि दुसऱ्यांदा वाजल्यावर मावसभाऊ आपसूक गुणगुणला तर ठेवायचं, नाहीतर डिलीट. मित्राच्या काही फार सुंदर ओळी यात गेल्या, तो अजून बोलून दाखवतो.

पुढचं काम मात्र माझ्या जुन्याच सवयीने केलं. गिटारचे रिफ (परत परत येणारे छोटे तुकडे), सिंथ, बेस, हलगीचे तुकडे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड करून प्रत्येक फाईलला बीपीएम (मिनिटाला किती ठोके, म्हणजे वेग) आणि की (गाण्याची पट्टी) लिहून ठेवली आणि मग स्वतःच्याच मालाचा मॅशअप केला. एका गाण्याचा कोरस ए मायनरमध्ये १२८ वर होता, त्याच्याखाली भलत्याच गाण्यासाठी वाजवलेला सी मेजरचा रिफ टाकला (दोन्हींचे सूर तेच) आणि तो असा बसला की दोन गाण्यांचं एकच झालं. फ्रान्सच्या मॅडिऑनने २०११ मध्ये ३९ गाण्यांचा लाइव्ह मॅशअप करून नाव काढलं आणि २०१५ मध्ये ओरिजिनल गाण्यांचा पहिला अल्बम आणला, त्यामुळे हा रस्ता पुढे जातो एवढा धीर होता.

खरा दणका बसला तो आवाजाला. मॅशअपमध्ये येणारं गाणं आधीच मिक्स-मास्टर झालेलं असतं, गायकाचा सूर ठीक केलेला, श्वास कापलेले, 'स'चा फुसफुसाट काढलेला. आता समोर आमच्या गायिकेचा कच्चा टेक, कुठे ओळ मोठी कुठे बारीक, आणि प्रत्येक 'स' कानात शिट्टीसारखा. प्लगिन (आवाजावर काम करणारं सॉफ्टवेअर) लावण्याआधी एकेक शब्दाचा व्हॉल्यूम हाताने वरखाली करायला शिकलो, सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि गाणं 'रेडिओवरच्यासारखं' वाटायला लागलं तेही यानेच. त्यात आम्ही पुण्यात, गणपतीच्या आधीचे दिवस, संध्याकाळ झाली की ढोल पथकाचा सराव सुरू. मग दुपारी, पंखा बंद, खिडकीला गादी, गायिकेच्या मागे दोरीवर दोन गोधड्या. एका टेकमध्ये तरी कुकरची शिट्टी आहेच, ती तशीच ठेवलीय, कोणाला सापडली तर सांगा.

आणि आता गंमत. इतकी वर्षं मॅशअपवर कॉपीराइट क्लेम खाल्ले, तर ओरिजिनल गाणं यूट्यूबवर चढवल्यावरही क्लेम! झालं असं की त्यातला एक पर्कशन लूप (फिरून फिरून वाजणारा तालाचा तुकडा) लायसन्सवाल्या सॅम्पल पॅकमधला, म्हणजे तयार तुकड्यांच्या विकतच्या संचातला होता, तोच लूप दुसऱ्या कोणीतरी वापरून त्याचं गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखून क्लेम लावणारी यंत्रणा) टाकलेलं. लायसन्स दाखवून डिस्प्यूट केला, सुटला. पण असा लूप हजारो लोकांकडे असतो, मग आपलं गाणं कंटेंट आयडीत टाकून दुसऱ्यांना तोच ताप का द्यायचा, म्हणून लूप काढून त्या जागी हलगी वाजवून घेतली. गाणं सुधारलंच, खरं सांगायचं तर.

कागदपत्रांचं थोडक्यात. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-आकड्यांचा नंबर, तो बहुतेक डिस्ट्रिब्युटरच (आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी) देतात. चाल आणि शब्दांची रॉयल्टी हा वेगळा विषय, त्यासाठी संगीतकार आणि गीतकार दोघांनीही आयपीआरएसचं (ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सभासद व्हायचं. कोणाचा किती टक्के वाटा ते मिक्सच्या आधीच लिहून सह्या करून टाका, मैत्री कितीही जुनी असू दे, आमचं चहा पिता पिता झालं कारण तेव्हा वाटायला काही नव्हतंच. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी पिच करायचं, म्हणजे गाणं घ्या म्हणून पाठवायचं, तर रिलीजच्या निदान सात दिवस आधी, आणि गाणं बाहेर आल्यावर ते करताच येत नाही, म्हणून तारीख आरामात पुढची घ्या.

सध्या लाइव्हची तयारी चाललीय. लॅपटॉपवर बटणं दाबून हा अल्बम वाजवायचा नाही एवढं ठरलंय, गिटारवाला आहे, हलगीवाला आहे, क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यांच्या तालावर) वाजवणारा ड्रमर हवाय. पुण्यात कोणी असेल तर सांगा, मानधन देऊ, वडापाववर भागवणार नाही.