सनद मिळते, ओळख कुठून आणायची?

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करायची म्हटल्यावर घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथं आपलं कोण आहे?" कोणीच नव्हतं. इंदापूरकडचं शेतकरी घर, घराण्यातली पहिली वकील मीच.

सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, त्या मानाने सोपं गेलं. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क वकिलांची नोंदणी करणाऱ्या बार कौन्सिलला घेता येणार नाही (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५). निकाल पुढच्या नोंदण्यांना लागू होता, त्यामुळे आधी जादा पैसे भरलेले मित्र अजून जळतात. मग एआयबीई, म्हणजे वकिलांची अखिल भारतीय बार परीक्षा. बेअर ॲक्ट (टीपा नसलेला नुसता कायदा) घेऊन बसता येतं, निघाली.

खरं कोडं सीनिअर वकिलांच्या चेंबरमध्ये. पगाराचं विचारलं की "शिकायला मिळतंय ना?" बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअरला महिना २० हजार द्यावेत असं परिपत्रक काढलंय, ते मी धीर करून सरांना दाखवलं. सर हसले. "शिफारस आहे ती, सक्ती नाही." मुद्दा कायद्याने बिनतोड! पुकारा झाला की "सर दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणून पुढची तारीख मागणं, हे माझं शिक्षण.

स्वतःची कामं मिळवावीत, तर जाहिरात करायची नाही. बार कौन्सिलचा नियम ३६ इतका कडक आहे की आपण अमुक संघटनेचे अध्यक्ष आहोत किंवा होतो, हेसुद्धा पाटीवर लिहिता येत नाही. मला नियम मान्य आहे. पण चौकात मान वर करून बघा. गणपतीच्या शुभेच्छा, दहीहंडी, दादांचा वाढदिवस, आणि खाली हात जोडलेले ॲड. अमुक तमुक, भावी नगरसेवक. ती जाहिरात नव्हे, जनसंपर्क! पुणे महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली, म्हणजे एवढी वर्षं हे लोक फ्लेक्सवर भावीच राहिले आणि ऑफिसं मात्र भरत गेली. सरकारी वकिलांच्या नेमणुकाही शेवटी सरकारच करतं, तेव्हा कोणाच्या मागे उभं राहायचं हे ज्याला आधी कळतं त्याचं बरं चालतं. वकील संघटनेच्या निवडणुकीत तेवढं आम्हा ज्युनिअरांना "काय मॅडम, जेवलात का?" असं कोणी विचारतं.

"एखाद्या पक्षाच्या लीगल सेलमध्ये नाव घाल," असं सरांनीही सुचवलं. अगदी मनापासून, माझ्या भल्यासाठी. मी टाळलं. तत्त्वाचा भाग थोडा, बाकी संध्याकाळच्या सभांना बसायचा कंटाळा.

स्वतःचं पहिलं वकीलपत्र आलं ते घरमालकीण काकूंच्या भावाचं, चेक बाउन्सचं. ते आधी अशाच एका फ्लेक्सवाल्या साहेबांकडे गेले होते. साहेब प्रचारात, कागद टेबलावर. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते आणि मुदत संपत आली होती. "साहेबांशी ओळख आहे, पण साहेब भेटत नाहीत हो," म्हणाले. मी रात्रीच नोटीस टाईप केली आणि सकाळी स्पीड पोस्टाने पाठवली. फी निम्मीच मिळालीय. उरलेली फी चेकचे पैसे वसूल झाल्यावर, असं ठरलंय.