नामिबियातला कुडू : आधी वय, मग इंच

जोहान्सबर्गला राहणाऱ्या आम्हा दोघा मित्रांनी यंदा जूनमध्ये विंडहुकच्या पश्चिमेला, खोमासच्या डोंगराळ भागातल्या एका फार्मवर कुडूची, म्हणजे पीळदार शिंगांच्या मोठ्या हरणाची, शिकार केली. नामिबियात ट्रॉफीची (शिंगे-कातडे आठवण म्हणून ठेवण्यासाठीची) शिकार नोंदणीकृत गाईडशिवाय करता येत नाही. मग नर पारखायचे काम त्याचेच नाही का? आहे. पण कुडू झुडपाच्या कडेला काही क्षणच थांबतो. तेवढ्यात गाईड "हाच" म्हणाला आणि तो का म्हणाला हे आपल्याला कळले नाही, तर त्या शिकारीत आपला वाटा चाप ओढण्यापुरताच उरतो.

बैलबाजारात दात बघून वय सांगतात; इथे शिंगांच्या टोकांवरून अंदाज बांधायचा. पूर्ण वाढलेल्या नराच्या शिंगाला साधारण अडीच पीळ असतात. तरुण नराची टोके आत किंवा मागे वळलेली दिसतात. वय वाढते तशी ती बाहेर उघडतात, पुढे झुकतात आणि फिकट, जवळजवळ पांढरी दिसू लागतात. हे एवढे पक्के डोक्यात बसले तरी निम्मे काम झाले. मग पहिल्या वळणाकडे बघा. मोजणी पिळाच्या कडेने होते, त्यामुळे उंच पण सरळसोट शिंगापेक्षा खोल, रुंद वळणांचे शिंग टेपवर जास्त भरते. रोलंड वॉर्डच्या, म्हणजे मोठ्या शिंगांची मापे नोंदवणाऱ्या पुस्तकाच्या, नोंदीत यायला दक्षिणेकडच्या कुडूला जवळपास ५४ इंच लागतात. पन्नास इंचांच्या आसपास शिंगे असलेला म्हातारा नरही उत्तम, आणि माझ्या मते तोच घ्यावा. पंचावन्न इंचांकडे निघालेला, अजून वीण द्यायचा असलेला तरुण नर पाडण्यात मला काहीच भूषण वाटत नाही. तिथल्या व्यावसायिक शिकारी संघटनेनेही मोजणीत वयाला वेगळे महत्त्व देणारी पद्धत आणली आहे. गाईडला पहिल्याच संध्याकाळी "मला म्हातारा नर हवा" असे स्पष्ट सांगा. त्याचा चेहरा खुलतो, हे आम्ही पाहिले.

शिंगे नीट दिसली नाहीत, तर मान बघा. जाड, भारदस्त मान आणि खाली झुकलेली छाती हे वयाचे लक्षण. सडपातळ मानेवर मोठी शिंगे दिसली की थांबा.

जेम्सबॉक या लांब, सरळ शिंगांच्या हरणाचे प्रकरण वेगळे आहे. तिथे नर-मादी दोघांनाही शिंगे असतात, आणि लांब शिंगे बहुधा मादीची. नराची आखूड पण बुंध्याशी जाड. नुसत्या लांबीवर गेलात, तर मादी पडेल. बरोबर वासरू आहे का, हे गाईडसोबत तपासल्याशिवाय बंदूक नेम धरायच्या टेकू-काठीवर ठेवू नका.

निघण्यापूर्वी आम्ही टॅक्सिडर्मीच्या (मेलेली जनावरे पेंढा भरून जतन करण्याच्या) एका दुकानात जाऊन आधी नजरेने शिंगांच्या लांबीचा अंदाज केला, मग टेप लावला. सुरुवातीचे अंदाज सगळे जास्तच निघत होते. घरी कुडूचे व्हिडिओ पाच सेकंद बघायचे, बंद करायचे आणि वय सांगायचे, हा सरावही फार कामी आला. फार्मवर पहिली सकाळ बंदूक न घेता पाणवठ्यावर बसा; १० बाय ४२ ची दुर्बीण पुरते. समोरून शिंगांचा पसारा फसवतो, म्हणून नराने मान वळवेपर्यंत वाट बघा.

जूनमध्ये पहाटे हात गारठतात. हातमोजे आणि कानटोपी न्याच. स्वतःची रायफल नेणार असाल, तर तात्पुरत्या आयात परवान्यासाठी विमानतळावर वेळ राखून ठेवा. दरपत्रक आधी लेखी मागवा आणि जखमी होऊन निसटलेल्या जनावराचे काय, ते विचारा : बहुतेक फार्मवर रक्त दिसले की पूर्ण पैसे द्यावे लागतात. मांस फार्मवरच राहते, त्याचे बिल्टाँग, म्हणजे मसाला लावून सुकवलेले मांस, होते. कवटी आणि कातडे घरी न्यायचे असेल, तर दोन्ही देशांची कागदपत्रे निघण्यापूर्वीच विचारून घ्या.