इंदुरावर इंजिन बंद पडलं तर

इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 1,850 फुटांवर आहे. म्हणजे अल्टिमीटर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र) 3,000 फूट दाखवत असला, तरी पायाखाली जेमतेम साडेअकराशे फूट. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या सेसना 172 या एकाच इंजिनाच्या छोट्या विमानाचं इंजिन तिथे थांबलं, तर हाती दीडेक मिनिट आणि वारा नसेल तर तीनेक किलोमीटर.

आधी नाक खाली, वेग 65 नॉट (ताशी साधारण 120 किलोमीटर). उंची 'वाचवायला' नाक वर धरलं की विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते आणि ते कोसळतं. मग शेत हेरायचं, आणि त्यानंतरच कार्ब हीट (कार्ब्युरेटरात गरम हवा सोडणारा नॉब), फ्युएल सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर, मिक्श्चर (हवेतलं इंधनाचं प्रमाण) रिच, म्हणजे जास्त, आणि मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रं) 'बोथ'वर, म्हणजे दोन्ही चालू.

या चारांत कार्ब हीट आधी, कारण ती गरमी एक्झॉस्टमधून येते आणि एक्झॉस्ट भराभर थंड होतो. पावसाळ्यात घामाच्या धारा लागल्या असतानाही कार्ब्युरेटरात बर्फ धरतो: पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान 20 अंशांनी सहज उतरतं. कार्ब हीट ओढल्यावर वितळलेलं पाणी आत जाऊन इंजिन आणखी खडखडतं. घाबरून नॉब परत आत ढकलतात, तिथेच फसतं.

शेताचं म्हणाल तर सोयाबीन निघालेलं, कोरडं रान उत्तम. उतरायचं सरींच्या दिशेने, आडवं नाही. ओल्या काळ्या मातीत पुढचं चाक रुततं आणि विमान उलटतं. टेकण्याआधी मिक्श्चर, इंधन, मॅग्नेटो बंद, दारं किलकिली. फ्लॅप (पंखांमागच्या वेग कमी करणाऱ्या झडपा) बहुतेक 172 मध्ये विजेवर चालतात, म्हणून मास्टर स्विच, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, शेवटी.