नवा टॅब येतोय म्हणे. थांबू का?

“ताई, नवीन टॅब येतोय म्हणे. कितीला पडेल? थांबू, की आत्ताच घेऊन टाकू?” हे मला काउंटरवर विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बायका विचारतात, रात्री दहा वाजता फोन करून नात्यातले लोक विचारतात. साताऱ्यात आमचं कॉम्प्युटर आणि मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे माझ्याकडे आतली बातमी असणार असा सगळ्यांचा समज. तशी बातमी आमच्यापर्यंत येत नाही. लाँच झाल्यावर डिस्ट्रिब्युटरचा मेसेज येतो, तोवर तुम्ही यूट्यूबवर जे बघता तेच आम्हीही बघतो. पण आधीचे अंदाज आणि नंतर लागलेले भाव मी बरीच वर्षं शेजारी-शेजारी ठेवून बघत आलेय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. येणाऱ्या टॅबच्या फीचर्सबद्दलच्या बातम्या बऱ्यापैकी खऱ्या निघतात, किमतीच्या बातम्या मात्र ऐकून सोडून द्याव्यात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०१० च्या जानेवारीत ॲपलचा टॅब, म्हणजे आजचा आयपॅड, अजून कुणी पाहिलेलाही नव्हता. तरी त्याचं नाव आयस्लेट असणार आणि तो हजार डॉलरच्या आसपास जाणार, अशी चर्चा जगभर होती. २७ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमात ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी मागच्या पडद्यावर आधी तोच आकडा लावला. जाणकार म्हणतात हजाराच्या आत, म्हणजे ९९९. तो आकडा तसाच ठेवून ते पुढचं बोलत राहिले. मग त्यावर ४९९ येऊन आदळला आणि ९९९ चा चुरा झाला. सभागृहात टाळ्या.

४९९ डॉलर ही तेव्हाही लहान रक्कम नव्हती. नेटबुक म्हणजे छोटे लॅपटॉप तीनशे-चारशे डॉलरला मिळत होते. पण ९९९ ऐकून ऐकून तयारीत बसलेल्या माणसाला ४९९ म्हणजे अर्ध्या किमतीत मिळाल्यासारखं वाटलं. अंदाज चुकला तो लोकांचा, आणि त्याचा फायदा झाला विकणाऱ्याला. शिवाय ४९९ हा सगळ्यात खालचा भाव होता: १६ जीबी आणि फक्त वायफाय. ६४ जीबी आणि थ्रीजी हवं तर ८२९ डॉलर. कॅमेरा असेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं, तो नव्हता.

आपल्याकडे तो आयपॅड अधिकृतपणे आला २८ जानेवारी २०११ ला, म्हणजे बरोब्बर वर्षानं. किंमत २७,९०० रुपयांपासून. तेव्हा डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, त्या हिशेबानं ४९९ चे साडेबावीस हजारसुद्धा होत नाहीत. आणि जेमतेम महिना उलटतो तोच, २ मार्चला, अमेरिकेत आयपॅड २ जाहीर झाला: आणखी पातळ, दोन कॅमेरे, जास्त वेगवान चिप. एप्रिलच्या शेवटी तो भारतातही आला, २९,५०० ला. फेब्रुवारीत ज्यांनी घेतला त्यांना कसं वाटलं असेल ते सांगायला नको. “थांबायला हवं होतं” हे वाक्य बहुतेक तेव्हापासूनच लोकांच्या तोंडी बसलंय.

त्याच्या नेमकं उलटही झालंय, आणि ते मी जवळून पाहिलंय. २०२३ मध्ये पुण्याला कमर्शियल आर्टला जाणारी एक मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली होती. आदल्या ऑक्टोबरात आलेला दहाव्या पिढीचा आयपॅड काउंटरवर होता, मुलीला तो पसंतही होता. पण आईनं ऐकलं होतं की ऑक्टोबरमध्ये नवीन येणार, मग हा स्वस्त होणार. ती म्हणाली, थांबू. ऑक्टोबर आला. ॲपलनं आणलं काय, तर स्क्रीनवर लिहायची, यूएसबी-सी पोर्टची एक पेन्सिल, ७,९०० रुपयांची. २०२३ च्या अख्ख्या वर्षात एकही नवा आयपॅड आला नाही. २०१० पासून असं पहिल्यांदाच झालं. दहाव्या पिढीनंतरचा साधा आयपॅड आला तो थेट मार्च २०२५ मध्ये. ती पोर तोवर कागदावर काढून, मोबाइलवर फोटो मारून असाइनमेंट पाठवत बसली असती का? शेवटी दिवाळीच्या आसपास त्यांनी तोच घेतला, आणि मधलं सेमिस्टर गेलं ते गेलंच.

२०१२ मध्ये तर मार्चला तिसरा आयपॅड आला आणि ऑक्टोबरला चौथा. तेव्हा सात महिने, आता जवळजवळ अडीच वर्षं. यावर कुणी कॅलेंडर लावून दाखवावं!

थांबलं की स्वस्त होतं हा दुसरा समज. सॅमसंग, लेनोवो, शाओमी यांच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. तिथे डब्यावरची एमआरपी कुणी देतच नाही. आम्ही ज्याला एमओपी म्हणतो, म्हणजे बाजारात प्रत्यक्ष चालणारा भाव, तो चार-सहा महिन्यांत खाली सरकतो, वर बँकेच्या कार्डाची सूट असते. पण आयपॅडचं बघा. नवव्या पिढीचा आयपॅड सप्टेंबर २०२१ मध्ये ३०,९०० ला आला. वर्षभरानं, ऑक्टोबर २०२२ मध्ये, तोच, काहीही न बदललेला आयपॅड ३३,९०० झाला. आयपॅड मिनी ४६,९०० चा ४९,९०० झाला, आयपॅड एअर ५४,९०० चा ५९,९००. रुपया घसरला होता. नवीन मॉडेल आल्यावर जुनं उतरेल म्हणून थांबलेल्यांना तीन-पाच हजार जास्त मोजावे लागले.

म्हणून मी गिऱ्हाइकाला अंदाज सांगत बसत नाही, कॅल्क्युलेटर पुढे करते. अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, आपल्या एमआरपीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. फोनच्या आयातीवर कस्टम ड्युटी लागते, टॅबवर ती नाही. त्यामुळे हिशेब सरळ होतो. मार्च २०२५ मध्ये ए१६ चिपचा आयपॅड अमेरिकेत ३४९ डॉलरला जाहीर झाला. डॉलर ८५ धरा: २९,६६५. त्यावर १८ टक्के टाका: ३५,००५. कंपनीनं भारतात भाव लावला ३४,९००. तेव्हा मिनीचे ४९९ डॉलर होते, आपल्याकडे ४९,९००. एअरचे ५९९, आपल्याकडे ५९,९००. म्हणजे तेव्हा डॉलरला शंभरनं गुणलं की झालं. यात जादू काही नाही, डॉलर ८५ च्या आसपास असताना जीएसटीसकट तो शंभराच्या घरात जातो इतकंच. डॉलर चढला की हा हिशेबही चढणार. लाँचच्या रात्री अमेरिकेचा आकडा कळला की घरबसल्या पाच मिनिटांत तुम्ही भारताचा भाव काढू शकता. त्याआधी सहा महिने “३५ ते ४५ हजारांच्या दरम्यान” असले व्हिडिओ बघण्यात काय हशील आहे? दहा हजारांचा पट्टा पकडला की कुणाचाही अंदाज बरोबरच येतो.

मग फीचर्सच्या बातम्या खऱ्या का निघतात? कारण यंत्र लपवता येत नाही. स्क्रीन एक कंपनी बनवते, बॅटरी दुसरी, जोडणी तिसरीकडे. हजारो हातांतून माल जातो. कव्हर बनवणाऱ्यांना मापं आधी लागतात, म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कधी कधी टॅबच्या आधी त्याचं कव्हर दिसतं. भारतात विकायचा टॅब बीआयएसकडे, म्हणजे सरकारच्या मानक ब्युरोकडे, नोंदवावा लागतो, तिथे मॉडेल नंबर दिसतो. पण बीआयएसच्या नोंदीत भाव नसतो. भाव ठरतो मोजक्या लोकांच्या खोलीत, आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतो. आकडा बदलायला साचा मोडावा लागत नाही.

किंमत आधी जाहीर झालेला एक टॅबही आपण पाहिलाय, आणि त्याच्याबद्दल मला अजूनही हळहळ वाटते. जुलै २०१० मध्ये तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबल यांनी ३५ डॉलरच्या टॅबचा नमुना दाखवला. सुमारे दीड हजार रुपये! तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांची आमच्याकडे चौकशी सुरू झाली, “तो सरकारी टॅब कधी येणार?” शेतमजुरी करणारी माणसंही विचारायची, आणि त्यांच्या विचारण्यात खरी आशा असायची. ५ ऑक्टोबर २०११ ला तो ‘आकाश’ नावानं आला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडला. सात इंची स्क्रीन, पण रेझिस्टिव्ह, म्हणजे बोटानं अलगद सरकवून चालायचं नाही, दाबावं लागायचं. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी. एक पान उघडायचं तर वाट बघत बसायचं. आकडा आधी ठरला आणि त्यात जे बसेल ते यंत्र आत भरलं, म्हणून असं झालं. पुढे काम पवईच्या आयआयटीकडे आलं, नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘आकाश २’ आला, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोटाला नीट साथ देणारी स्क्रीन घेऊन. विद्यार्थ्यांसाठी अनुदानाचा भाव १,१३०. हा पहिल्याच फेरीत आला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला मनापासून वाटतं. पण ‘सरकारी टॅब’ म्हणताच नाक मुरडणं तोवर सुरू झालं होतं. त्यामुळे आजही कुणी अजून न आलेल्या टॅबची फक्त किंमत जोरात सांगू लागलं, की मी आधी स्क्रीन आणि रॅम विचारते.

अंदाजांच्या गर्दीत एक गोष्ट नेहमी राहून जाते, ती म्हणजे टॅबबरोबर अजून काय विकत घ्यावं लागणार. दहाव्या पिढीच्या आयपॅडच्या आधी चर्चा कसली, तर यूएसबी-सी येणार, कडा सपाट होणार. दोन्ही खरं निघालं. पण त्याला पेन्सिल चालली ती पहिल्या पिढीचीच, जिचं टोक जुन्या लाइटनिंग पोर्टचं. जोडायला आणि चार्ज करायला मध्ये वेगळा अडॅप्टर. नंतर आलेली ७,९०० वाली यूएसबी-सी पेन्सिल अडॅप्टरशिवाय, केबलनं जोडता येते, पण ती दाब ओळखत नाही. दाबून काढलं तर रेष जाड, हलक्या हातानं काढलं तर बारीक, हे तिच्यात नाही. नोट्स काढणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही, चित्र काढणाऱ्याचं त्याविना चालतच नाही. वर सांगितलेल्या मुलीनं म्हणूनच अडॅप्टरवाली जुनी पेन्सिल घेतली. टॅब, पेन्सिल, कव्हर मिळून बिल किती झालं ते आईच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सॅमसंगच्या एस मालिकेत पेन डब्यातच येतं, हे तुलना करताना कुणी धरतच नाही.

आता थांबायचं की घ्यायचं. दुकानदार म्हणून मला खात्रीचं वाटतं ते एकच लक्षण. डिस्ट्रिब्युटरकडे एखाद्या मॉडेलचे रंग आणि जीबी तुटायला लागले, “निळा नाही, फक्त सिल्व्हर आहे” असं उत्तर येऊ लागलं, आणि त्याच वेळी कंपनीची सवलतीची स्कीम मोठी झाली, तर नवीन माल जवळ आहे. तेव्हा मी स्वतःच सांगते, महिनाभर थांबा. बाकी वेळी मी विचारते, काम कधी सुरू होणार? मुलीचं कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होत असेल तर जुलैत घ्या, नव्या मॉडेलची बातमी कितीही गरम असू द्या. नुसते सिनेमे बघायचे असतील तर दिवाळीच्या ऑफरपर्यंत खुशाल थांबा, काही बिघडत नाही. आयपॅडला मेमरी कार्ड बसत नाही, त्यामुळे जीबीत काटकसर करू नका. ए१६ च्या आयपॅडनं त्याच ३४,९०० त ६४ च्या जागी १२८ जीबी दिले, तेव्हा माझ्या मते ती त्या वर्षीची सगळ्यात कामाची बातमी होती. बरेच लोक मात्र त्यात ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलची एआयची सोय, नाही म्हणून हिरमुसले.

आणि टॅब चित्रांसाठी असेल तर जो चित्र काढणार आहे त्यालाच घेऊन या. वडील एकटे येतात, चुकीची पेन्सिल नेतात, घरी सील फोडतात, आणि सील फोडलेला डबा आमच्याकडून कुणी परत घेत नाही.