फांदीत अडकलेले गवत: आमची वाटचाल

2006 साली पुण्यात दोन टेबलांच्या कार्यालयात आम्ही वन्यजीव सहलींचा हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्या धंद्यात केनिया म्हणजे मसाई माराचे राखीव जंगल, तीन रात्री आणि नशिबात असेल तर नदी ओलांडणारी विल्डबीस्ट हरणे, एवढाच अर्थ होता. मोठ्या संस्थांनी तो रस्ता इतका मळून ठेवला होता की आमच्यासारख्याला तिथे दरात टिकणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही नैरोबीहून उत्तरेला वळलो. सांबुरू राष्ट्रीय राखीव क्षेत्र जेमतेम 165 चौरस किलोमीटरचे आहे, परंतु त्याच्या दक्षिण सीमेने एवासो न्यिरो नदी वाहते आणि पलीकडचा तीर बफेलो स्प्रिंग्ज या शेजारच्या राखीव क्षेत्राचा आहे. भोवतालच्या कोरड्या मुलखातल्या जनावराला तहान लागली की अखेर याच पाण्यावर यावे लागते. त्यामुळे नदीकाठच्या लॉजच्या ओसरीत खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला जनावरांच्या मागे धावावे लागत नाही. ग्रेव्हीचा झेब्रा, जाळीदार जिराफ, लांब शिंगांचे बेसा ओरिक्स हरीण, मागच्या पायांवर उभे राहून झुडपे खाणारे गेरेनुक हरीण आणि सोमाली शहामृग ही मंडळी मारात दिसत नाहीत, इथे दिसतात. आमच्या पहिल्या माहितीपत्रकात हे सारे छापलेले होते आणि त्यातला एकही शब्द आजवर मागे घ्यावा लागलेला नाही, याचा मला अभिमान आहे.

नैरोबीतले आमचे पहिले भागीदार स्वतः सांबुरू जमातीचे. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे असल्यामुळे आम्ही सारे त्यांना तिकडच्या रीतीने ‘म्झे’, म्हणजे वडीलधारे, म्हणत आलो आहोत. त्यांची स्वतःची एक जुनी लँड क्रूझर होती, जिचे छत वर उचलून खाली चार दांडे अडकवावे लागत आणि त्यातला एक दांडा कायम सुतळीने बांधलेला असे. जानेवारी 2007 मध्ये त्यांनी मला पहिल्यांदा त्या नदीवर नेले. त्या काळी वाटेतल्या इसिओलो गावाच्या पुढे डांबर संपत असे आणि राखीव क्षेत्राजवळच्या आर्चर्स पोस्ट गावापर्यंत हाडे खिळखिळी होत. लॉजवर पोचल्यावर मी तंबूंचे लाकडी चौथरे, न्हाणीघर, स्वयंपाकघर असे सगळे तपासत हिंडत होतो. म्झे मात्र नदीकडे पाठ करून एका झाडाकडे बघत उभे होते. माझ्या डोक्याच्याही वर, फांदीच्या बेचक्यात, वाळलेल्या गवताचा आणि काटक्यांचा एक पुंजका अडकलेला होता. पक्ष्याचे घरटे असावे असे मला वाटले. म्झे म्हणाले की पाणी इथपर्यंत येऊन गेले आहे. मी खाली तंबूंच्या चौथऱ्यांकडे पाहिले, ते त्या पुंजक्यापेक्षा किती तरी खाली होते. तरीही मी करारावर सही केली, कारण नदी त्या दिवशी गुडघाभर होती आणि दर चांगला मिळत होता.

आमच्या अवजारांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. आफ्रिकेला जाणारा प्रत्येक जण मोठ्या लेन्सचे नाव घेतो, पण ती लेन्स टेकवायची कशावर, याचा विचार कोणी करत नाही. आम्ही शनिवार पेठेतल्या एका शिंपीकाकांकडून जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवून घेतो. दुहेरी शिवण, एका बाजूला चेन, आकार साधारण लहान उशीएवढा. पुण्याहून त्या रिकाम्या न्यायच्या, वाटेत नान्युकीच्या बाजारात दोन-अडीच किलो तांदूळ भरायचा, गाडीच्या उघड्या छताच्या कडेवर ठेवायच्या आणि त्यावर कॅमेरा टेकवायचा. परतताना तांदूळ म्झेंच्या घरी जातो. केनियातल्या देशांतर्गत छोट्या विमानांत मऊ पिशवीतले पंधरा किलोच सामान चालते, तिथे लोखंडी तिवई नेणाऱ्याची फजिती मी डोळ्यांनी पाहिली आहे. दुर्बीण 8 बाय 42 चीच, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची, घ्यावी. हलत्या गाडीत 10 बाय 50 धरून हात थरथरतात आणि बिबट्याऐवजी नुसती फांदी नाचताना दिसते.

आता 2010. त्याआधीचे वर्ष भीषण दुष्काळाचे गेले होते. नदी कोरडी पडली होती आणि हत्ती सोंडेने वाळूत खड्डे करून पाणी काढत होते. लॉजवाले मोठ्या सवलती देत होते आणि मी, अनुभव जेमतेम तीन वर्षांचा, जुलै ते सप्टेंबरच्या तीन गटांचे मिळून नऊ लाख रुपये आगाऊ भरून मोकळा झालो. 4 मार्चच्या पहाटे एवासो न्यिरोला पूर आला. पाऊस वरच्या अंगाला, डोंगराळ भागात झाला होता आणि पाणी मात्र खाली सांबुरूत उतरले. काठावरचे अनेक लॉज आणि तंबूतळ वाहून गेले, हत्तींवर संशोधन करणाऱ्या ‘सेव्ह द एलिफंट्स’ या संस्थेचा तळही गेला, आणि अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. आमचा बारा जणांचा गट 6 मार्चला तिथे पोचायचा होता. म्झेंचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात त्याच गटाची खोल्यांची वाटणी करत होतो. त्यांनी पुराविषयी दोन वाक्यांत सांगितले, आणि मग त्या झाडावर गवताचा नवा पुंजका अडकला आहे, जुन्यापेक्षाही वर, एवढेच म्हणाले.

गट मारात वळवला, तो खर्च आम्ही सोसला. लॉजने मात्र ‘दैवी आपत्ती’चे कलम दाखवून नऊ लाखांपैकी एक पैसाही परत केला नाही. नाव लिहीत नाही, पण ते कलम मी सही करताना वाचले होते आणि त्याच्याकडेही मी त्या गवताकडे केले तसेच दुर्लक्ष केले होते. त्या उन्हाळ्यात दोन कर्मचाऱ्यांचे पगार पत्नीच्या दागिन्यांवर काढलेल्या कर्जातून झाले. जुलैच्या गटातल्या बहुतेकांनी पैसे परत मागितले, तो त्यांचा हक्कच होता. फक्त सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पत्र पाठवले की माझे पैसे तुमच्याकडेच राहू द्या, नदी उतरली की जाऊ. त्या पत्राची झेरॉक्स आजही आमच्या कपाटात आहे.

पुराने जे केले ते मी केव्हाच सोसले. सोसवले नाही ते पुढचे. आमच्याकडे चार वर्षे काम केलेला, माझ्याच हाताखाली व्हाउचर लिहायला शिकलेला मुलगा 2011 साली वेगळा झाला. वेगळे होण्यात काही गैर नाही, मीही कोणाची तरी नोकरी सोडूनच आलो होतो. पण जाताना त्याने आमच्या ग्राहकांची यादी नेली आणि प्रत्येकाला फोन करून सांगितले की यांचा लॉज वाहून गेला, आमचा नदीकाठचा लॉज सुरक्षित आहे, आणि माणशी पस्तीस हजारांनी स्वस्त. सुरक्षित होताच, कारण तो नदीवर नव्हता. राखीव क्षेत्राच्या फाटकाबाहेर होता. सकाळी फाटक उघडेपर्यंत गाडीत बसून राहायचे, संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत बाहेर पडायचे, आणि माहितीपत्रकावर मगरीचा फोटो. आमचे दहा जुने ग्राहक त्याच्याकडे गेले. त्यातल्या एका गृहस्थांनी परत आल्यावर तक्रार करायला मलाच फोन केला, आणि मी ती अर्धा तास ऐकून घेतली.

म्हणून विचारले नसले तरी सांगतो. लॉज फाटकाच्या आत आहे का, हे लेखी घ्यावे. कोणत्या तीरावर आहे आणि कोणत्या महिन्यात पाणी किती असते, हे विचारावे. अगदी काठावरचा तंबू मागू नये, दोन ओळी मागचा मागावा. रात्री तंबूपासून जेवणघरापर्यंत अस्कारी, म्हणजे पहारेकरी, सोबत येतो का, ते पाहावे, कारण तिथे कुंपण नसते आणि हत्तीला पायवाट आपली की पाहुण्यांची हे कळत नाही. आणि पोचल्यावर नदीकडे बघण्याआधी झाडांकडे बघावे.

2012 ते 2019 या काळात सांगण्यासारखे फारसे घडले नाही. गट गेले, गट आले. 2017 साली केनियाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली तेव्हा भाकरवडीची पाकिटे कापडात बांधावी लागली, एवढेच. 2020 मध्ये सगळ्यांचेच बंद होते, आमचेही.

मुख्याध्यापिका बाई आमच्याबरोबर पाच वेळा सांबुरूला आल्या. लॉजवर सकाळच्या फेरीला त्या क्वचितच जात, ओसरीत बसून शाळेच्या हजेरीपटासारख्या आखलेल्या वहीत नोंदी करत. पाण्यावर कोण आले, किती वाजता, किती जण. एकदा त्यांच्या ताटातली पोळी माकडाने पळवली, तर त्यांनी तीही नोंद केली: ‘व्हर्व्हेट, एक, 8.10, पोळी.’ आता गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपत नाही. प्रत्येक गटाबरोबर त्या कोरी वही पाठवतात आणि ती भरून परत आली नाही तर मला फोन करतात.

म्झेंनी गाडी मुलाच्या हाती दिली आहे आणि छताचे दांडे आता आपोआप अडकतात. जानेवारीच्या गटासाठी बारा पिशव्या शिवायला टाकल्या आहेत. शिंपीकाकांनी या खेपेला चेनऐवजी वेल्क्रो लावला आहे. तो मला पसंत नाही. तांदूळ सांडणार.