प्रॉव्हिडन्स आणि न्यूपोर्ट : बॅप्टिस्टांच्या धर्मस्वातंत्र्याच्या खुणा पाहताना

बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून सुटणारी लोकल तासाभराहून थोड्या जास्त वेळात प्रॉव्हिडन्सला पोहोचते. स्टेशनाबाहेर पडलं की समोरच्या टेकाडावर पांढऱ्या संगमरवराचं स्टेट हाउस, म्हणजे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याचं विधानभवन दिसतं. सुरुवात तिथूनच करा, पण सोमवार ते शुक्रवारच. शनिवार-रविवारी इमारत बंद असते आणि जी पाहायची ती इंग्लंडच्या राजाने या वसाहतीला दिलेली 1663 ची मूळ सनद आतच राहते.

आत जाण्याआधी दक्षिणेकडच्या दर्शनी भागावरची अक्षरं वाचा. धर्माच्या बाबतीत पूर्ण मोकळीक दिली तरी राज्य नीट चालतं, भरभराटीलाही येतं, याचा ‘जिवंत प्रयोग’ करून दाखवायचा आहे, असा त्यांचा आशय. ही वाक्यं त्याच सनदेतली. न्यूपोर्टचे बॅप्टिस्ट पाद्री आणि वैद्य जॉन क्लार्क यांनी ती मिळवण्यासाठी इंग्लंडमध्ये सुमारे 12 वर्षं काढली. सार्वजनिक शांतता बिघडवत नाही तोवर धर्ममतासाठी कुणालाही शिक्षा किंवा चौकशी नाही, हे दुसऱ्या चार्ल्स राजाने त्यात लिहून दिलं. ही सनद 1843 पर्यंत लागू होती.

क्लार्क एवढे का झगडले? 1651 मध्ये ते, ओबाडाया होम्स आणि जॉन क्रॅन्डल प्युरिटन या कडव्या प्रॉटेस्टंट पंथाचं राज्य असलेल्या मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी एका वृद्ध बॅप्टिस्टाच्या घरी उपासनेला गेले आणि पकडले गेले. क्लार्क यांचा दंड दुसऱ्यांनी भरला. होम्स यांनी कुणालाही भरू दिला नाही आणि बॉस्टनमध्ये 30 फटके खाल्ले. बॅप्टिस्टांचं म्हणणं साधं होतं : बाप्तिस्मा ज्याने त्याने समजून-उमजून घ्यायचा, तान्ह्या बाळावर तो लादता येत नाही, मग सरकारने प्रजेवर श्रद्धा कशी लादायची?

स्टेट हाउसवरून उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की नॉर्थ मेन स्ट्रीटवर हे शहर वसवणारे पाद्री रॉजर विल्यम्स यांचं स्मारक, रॉजर विल्यम्स नॅशनल मेमोरियल, लागतं. इथे हमखास घोटाळा होतो. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘रॉजर विल्यम्स’ सांगितलं, तर तो शहराच्या दक्षिण टोकाच्या रॉजर विल्यम्स पार्कला, म्हणजे प्राणिसंग्रहालयाशी नेऊन सोडेल. ‘नॅशनल मेमोरियल, 282 नॉर्थ मेन’ असंच सांगा. प्रवेश फुकट आहे. ज्या झऱ्याकाठी 1636 मध्ये वस्ती पडली तो आता वाहताना दिसत नाही. त्या जागी दगडी कठडा आहे. झुळझुळ पाण्याच्या अपेक्षेने जाऊ नका.

मॅसॅच्युसेट्सने हद्दपार केलेले विल्यम्स इथे आले ते नॅरागॅन्सेट या मूळनिवासी जमातीचे प्रमुख कॅनॉनिकस आणि मियँटोनोमी यांच्याकडून जमीन मिळवून. गावच्या करारात बहुमताचं बंधन फक्त ‘नागरी गोष्टींपुरतं’ ठेवलं होतं. त्या दोन-तीन शब्दांतच सगळं आलं. 1644 मध्ये त्यांनी लिहिलं की चर्चची बाग आणि जगाचं रान यांमधलं कुंपण किंवा भिंत मोडली की बागेचंच रान होतं. म्हणजे भिंत हवी होती ती बागेसाठी, धर्माला हिणवायला नव्हे. हे नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आज धर्म आणि सरकार यांमधल्या त्या ‘भिंती’चा अर्थ बहुतेक वेळा उलटाच लावला जातो.

तिथून दक्षिणेकडे चालत गेल्यावर 75 नॉर्थ मेन स्ट्रीटला अमेरिकेतलं पहिलं बॅप्टिस्ट चर्च आहे. मंडळी, म्हणजे उपासकांचा समूह, 1638 ची, सभागृह 1775 चं. बॉस्टनचं बंदर इंग्रजांनी बंद केल्याने बेकार झालेले जहाज-सुतार त्या कामावर होते. 185 फुटी मनोरा त्यांनी साडेतीन दिवसांत चढवला. आत सुमारे 1,200 माणसं बसतात आणि मधोमध 1792 चं काचेचं झुंबर लटकतं. मेअखेरीला ब्राउन विद्यापीठाचा पदवीदान सोहळा असतो, ते दिवस टाळा. विल्यम्स स्वतः काही महिन्यांतच या मंडळीतून बाहेर पडले आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

याच विद्यापीठातून 1807 मध्ये पदवी घेतलेले मिशनरी अडोनिराम जडसन भारताकडे येताना बोटीवरच्या अभ्यासातून बॅप्टिस्ट मताकडे झुकले आणि 1812 मध्ये कलकत्त्यात त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आपल्या मुंबई-नगरकडचं अमेरिकन मराठी मिशन मात्र काँग्रिगेशनल पंथाचं, म्हणजे विल्यम्सना हाकलणाऱ्या प्युरिटनांच्याच वारशातलं. नगरकडच्या वाचकांनी हा धागा मनात ठेवून ही चर्चं पाहावीत.

चर्चशेजारचा थॉमस स्ट्रीट खडा चढ आहे. गुडघे दुखत असतील तर प्रॉस्पेक्ट टेरेसला गाडीनेच जा. तिथल्या पुतळ्याखाली विल्यम्स यांचे अवशेष ठेवले आहेत.

न्यूपोर्टसाठी दुसरा दिवस ठेवा. केनेडी प्लाझावरून 60 क्रमांकाची बस जाते. पाहायचं ते टुरो सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1763 चं. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असल्याने आत फिरून पाहता येत नाही. 1790 मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी इथल्या ज्यू मंडळींना पत्र लिहून कळवलं की हे सरकार धर्मद्वेषाला थारा देत नाही. हातात वेळ असेल तर डॉ. मार्कस व्हीटलँड बूलेव्हार्डवर (पूर्वीचा वेस्ट ब्रॉडवे) जाऊन क्लार्क यांची कबर पाहा.