मोडलेले पट

रविवार, रात्री

मी रचत असलेल्या पानिपतच्या खेळाचा पट आज मोडला. पुठ्ठा चांगला जाड होता, भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी दिला. सोंगट्या मात्र पाकिटात ठेवल्या.

खेळ दोघांचा होता. एकाने भाऊसाहेब व्हायचं, दुसऱ्याने अब्दाली. नकाशावर दिल्ली, कुंजपुरा, बागपत आणि मधून यमुना. लढाई अगदी शेवटच्या फेरीत. त्याआधी सगळा खेळ धान्याचा, वैरणीचा आणि पैशांचा. १७६० च्या ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, तेवढ्यात अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला आणि दोघांनी एकमेकांच्या वाटा अडवल्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीचा मोठा आधार तुटला. पटावर मांडायला याहून चांगली कोंडी मला इतिहासात दिसत नाही.

अडलं ते यात्रेकरूंपाशी. फौजेबरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे होते. त्यांच्या सोंगट्या दर फेरीला धान्य खायच्या. जो कोणी भाऊ होई, तो पहिल्याच फेरीत त्यांना मागे ठेवून मोकळा होई आणि बागपतच्या उतारावर पहारा बसवी. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते आपल्याला ठाऊक असतं, भाऊंना नव्हतं. मागे ठेवायला बंदी घातली तर खेळणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. मोकळीक दिली तर ते पानिपत राहत नाही. यावर तोड असणार, असं मला अजूनही वाटतं. शिवाय पराभवाची ती सांकेतिक बातमी आली तेव्हा मोत्यांची, मोहरांची, म्हणजे मोठ्यांची, मोजदाद झाली, खुर्द्याची, म्हणजे साध्या माणसांची, झाली नाही. माझ्या पटावरही तोच खुर्दा सर्वांत आधी बाजूला सारला जाई. ते बघवेना.

वारीचा खेळ वेगळ्याच कारणाने राहिला. पहिला आराखडा शर्यतीचा होता. पण माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. पुढच्या दिंडीला मागे टाकणं तिथे संभवतच नाही. मग सगळ्यांनी मिळून पोहोचायचं असं केलं. मिळून जिंकायचं तर मिळून हरण्याचीही शक्यता हवी, तरच फासा टाकताना छातीत धडधडतं. पंढरपूरला न पोहोचलेल्या पालखीचा शेवट मला लिहवेना. २०२० साली पायी सोहळा झाला नाही, तरी पादुका एसटीने गेल्याच.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, खेळ पैशांपायी अडला आहे. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०, आणि सगळी गोल. गोल कापायला वेगळा साचा लागतो, थोड्या प्रतींना तो परवडत नाही. पानं चौकोनी करा, अवतार निम्मे करा, असं छापखान्यातून सुचवलं गेलं. पण सगळी खुमारी त्या दहांतच आहे. राजा आणि प्रधान सोडले तर मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पाच रंगांत एक्का वरचढ आणि दश्शी सर्वांत हलकी. पुढच्या पाचांत बरोबर उलट. दिवसा डाव रामाचा राजा उघडतो, रात्री कृष्णाचा. निम्मे अवतार काढले की ही उलटापालटच जाते.

हा पट मी मोडणार नाही. या आठवड्यात नियम स्वच्छ लिहून काढायचे, १२० पानांचेच. दिवेलागणीला मांडलेला डाव रामाने उघडायचा की कृष्णाने, हे आधी ठरवायला हवं.